मिस्त्रींनी हातचं राखलं

१९८८ सालचा चैत्र. जत्रांचा हंगाम.

“हातचं काय राखलंय, मिस्त्री?” सर्जेरावानं तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल मिस्त्री टेपचा पट्टा जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापुरात जुनी टेप एको मशीन दुरुस्त करणारा हा एकच माणूस. मशीनच्या आत टेपचा पट्टा गोल फिरतो. एक हेड गाणाऱ्याचा आवाज त्यावर उतरवून घेतं, पुढचं हेड तोच आवाज मागोमाग परत ऐकवतं. ऑर्केस्ट्रावाले त्यावर जीव टाकत.

सर्जेराव तीन वर्षं हाताखाली होता. त्याच्या बापानं, ज्ञानू रेडिओवाल्यानं, एके काळी मिस्त्रींना तारांना डाख द्यायला शिकवलं होतं, तेही पदरचं खायला घालून. ते देणं मिस्त्री पोराला शिकवून फेडत होते. आता सर्जेरावाला सांगलीत स्वतःचं दुकान टाकायचं होतं. गाळा ठरला होता.

पण त्यानं जुळवलेलं प्रत्येक मशीन सूं करी. मिस्त्रींचं करत नसे. भाग तेच, तेल तेच. म्हातारा शेवटची खोच सांगत नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

“सगळं दाखवलं तुला.”

“सगळं? मग माझंच का बोंबलतं?”

“डोळे तुझे आहेत. बघ.”

शुक्रवार होता. मिस्त्री नमाजाला गेले.

सर्जेरावानं दार लोटून घेतलं. मिस्त्रींनी सकाळीच तयार करून गिऱ्हाइकाला ऐकवलेलं मशीन उघडलं. स्क्रू न् स्क्रू काढला. हेडं सोडवली, उलटसुलट करून पाहिली, आपल्या मशीनशी ताडून पाहिली. लेप नाही, पूड नाही, ताईतसुद्धा नाही... होतं तसं बसवून त्यानं बटण दाबलं.

सूं.

त्याला हसू फुटलं.

मिस्त्री आले तसा तो म्हणाला, “तुमचंही बोंबलतंय की! सकाळी गिऱ्हाइकापुढं काय हातचलाखी केली होती?”

मिस्त्रींनी कान लावला. बराच वेळ ऐकलं.

“उघडलंस?”

सर्जेराव झाकण पुसू लागला.

“सर्जा, उघडलंस?”

“व्हय.”

“कशानं?”

सर्जेरावानं खिशातला डिसमिस पुढं केला. पोलादी, टोकाला चुंबक चढवलेला. कोपऱ्यात पडलेला स्क्रू आपसूक चिकटून वर येई. मिस्त्री मात्र पितळी डिसमिस वापरत आणि सांडलेले स्क्रू बोटांनी वेचत बसत. त्याला ते म्हातारपणाचं खूळ वाटे.

मिस्त्रींनी टेबलावर टाचण्या ओतल्या. त्याचा डिसमिस वर धरला. टाचण्या उडून टोकाला लोंबल्या.

मग तो त्यांनी हळूहळू हेडाकडं नेला... आणि बोटभर अंतरावर थांबवला.

सर्जेरावाचा चेहरा उतरला. टेपवर आवाज उमटतो तो चुंबकानं, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तीन वर्षं तो एकेका हेडाला स्वतःच्या हातानं चुंबक लावून ती सूं भरत आला होता. आज मिस्त्रींच्याही.

“तीन वर्षं हा माझ्या हातात बघितलात,” तो म्हणाला. “बोलला का नाही?”

“तू माझ्या हातात काय आहे ते विचारत होतास.”

मिस्त्रींनी आपला पितळी डिसमिस सदऱ्याला पुसला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

“ज्ञानूचं देणं फिटलं.”