बांधाचा घाम

बोरवंडचे उदाजीराव सरकार म्हणजे जलविहाराचे भलतेच शौकीन. त्यांनी ओढ्याला मातीचा बांध घालून तळं केलं, त्यात लाकडी हंस सोडला आणि रोज संध्याकाळी हंसाच्या पाठीवर बसून बँड ऐकू लागले.

एका सकाळी बांधाखालच्या वाडीची माणसं धावत आली. "सरकार, बांध गळतोय! कालपर्यंत नितळ पाणी झिरपत होतं, आज गढूळ येतंय."

"गळत नाही, त्याला घाम येतो!" सरकार गरजले. "जो कोणी गळतो म्हणेल, त्याला तळ्यात बुचकळा!"

"एवढा मोठा बांध, घाम यायचाच!" कारभाऱ्यांनी मान डोलावली.

वाडीकरांनी सरकारांच्या आत्यासाहेबांना गाठलं. आत्यासाहेबांनी त्यांच्याकडून बांधाखालचं घागरभर पाणी मागवलं. दुपारच्या पंक्तीत त्यांनी भाच्यापुढे चांदीचा पेला ठेवला. सरकारांनी घोट घेतला आणि थू थू करत उठले.

"आत्यासाहेब, ही माती कसली?"

"बांधाचा घाम आहे, राजे."

"घामात कधी माती असते का?"

"नसते ना? मग हा घाम नाही, तुमचा बांधच आहे. घोटाघोटानं निघालाय. थोडा तुमच्या पोटात गेला, उरलेला वाडीवर जायच्या आत तळं रिकामं करा."

सरकारांनी तोंड पुसलं आणि तळ्याची मोरी उघडून पाणी सोडायला लावलं. संध्याकाळी हंस चिखलात बसला.

"मी म्हणतच होतो, सरकार," कारभारी पुढे सरसावले, "एवढा मोठा बांध, गळायचाच!"

हुकूम अजून मागे घेतलेला नव्हता. तळ्यात पाणी उरलं नव्हतं, म्हणून कारभाऱ्यांना चिखलात बुचकळलं.