फुंकर

“कालची पोर कुणामुळे गेली, बाबा? सापामुळे की तुमच्यामुळे?”

डॉक्टर देवस्थळींना अजून धाप लागलेली होती, पण प्रश्न त्यांनी घाटाखालूनच तयार करून आणला होता. वाटेत तो चारदा घोकलाही होता.

मौलाशा फकिराने उंबराखालच्या आपल्या चटईवरून वर पाहिलं. त्या पठारावर धनगरांची सात-आठ घरं, एका पिराची कबर आणि हा उंबर, एवढंच होतं. रस्ता नव्हता. गाडी खाली नाक्यावर सोडावी लागे.

“आधी पाणी घे.”

“पाणी नको, उत्तर हवंय. सात वर्षांची मुलगी. साप चावला तर तिला उचलून तुमच्या पायाशी आणली. सापाच्या विषावरचं इंजेक्शन माझ्याकडे पडून आहे. केसपेपरचे पाच रुपये, औषध फुकट, दार दिवसरात्र उघडं. तरी माणसं तुमच्या उदाच्या धुरापाशी येऊन मरतात.”

रागावले की डॉक्टर ठासून बोलत. शहरातली चालती प्रॅक्टिस सोडून त्यांनी नाक्यावर दवाखाना काढला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा? काम खरोखरच मोठं होतं.

मुलगी बाबांच्या मांडीवरच गेली होती. तिच्या वेणीची रिबीन अजून चटईच्या कडेला पडलेली होती. ती उचलायचा त्यांना धीर झाला नव्हता.

“चढायला किती वेळ लागला तुला?”

“चार तास. त्याचा इथे काय संबंध?”

“वाटेत कितीदा बसलास?”

डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली.

“तुम्ही इथून उठा, बाबा. एवढंच मागायला आलोय. तुम्ही उठलात की लोक झक मारत माझ्याकडे येतील.”

“उठतो.”

आणि म्हातारा खरंच उठला. डॉक्टर भांडायच्या तयारीने आले होते. समोरचा माणूस भांडेचना, तेव्हा त्यांची पंचाईत झाली.

“बस,” चटई दाखवत बाबा म्हणाले.

“मी?”

“जागा रिकामी नको. कुणीतरी येईलच.”

गुडघे केव्हाचे बोंबलत होते म्हणून डॉक्टर बसले. बाबा बाजूला एका मुळावर टेकले.

...

थोड्या वेळाने पलीकडच्या घरातली सगुणा आली. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं आठ महिन्यांचं मूल होतं.

“आज हे बघतील,” बाबा म्हणाले. “खालचे डॉक्टर आहेत.”

“डाक्टर?” ती जागच्या जागी थांबली. “हितं? वर?” तिचे डोळे भरून आले. “लई बरं झालं वो. कालधरनं दूध पीत न्हाई. नुस्ती धाप लागलीया.”

डॉक्टरांनी घोंगडी बाजूला केली. घड्याळाकडे बघत श्वास मोजले, पुन्हा मोजले. नाकपुड्या फुलत होत्या. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि ओठ निळसर झाले होते. न्यूमोनिया. आत्ताच्या आत्ता इंजेक्शन दिलं तर मूल वाचण्याची आशा होती.

सवयीने त्यांचा हात डाव्या बाजूला गेला. तिथे गवत होतं.

बॅग खाली गाडीत होती. भांडायला जायचं तर बॅगेचं ओझं कशाला, असं सकाळी त्यांना वाटलं होतं.

“आवशिद द्या की, सायेब.”

“औषध... खाली आहे. बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं.”

सगुणाने मान हलवली. “बाबा बी ह्येच सांगत्यात. दर बारीला.”

डॉक्टरांनी चमकून बाबांकडे पाहिलं.

“काल त्या पोरीच्या बापालाही हेच सांगितलं,” बाबा म्हणाले. “पळाला तिला घेऊन. तिसऱ्या वळणावरून परत आला.”

“का?”

“तिला फार त्रास होत होता. मला बाबांच्या मांडीवर दे म्हणाली...”

डॉक्टर उठले. गुडघा लचकला, तरी उठले. “चला बाई. मी येतो बरोबर. आत्ता निघू.”

पळत उतरलं तरी दोन तास. तेवढा वेळ त्या छातीत नव्हता, आणि हे तिथे फक्त त्यांनाच नक्की ठाऊक होतं.

“चला की,” म्हणत सगुणाने घोंगडी घट्ट केली. मग मूल त्यांच्यापुढे धरलं. “निघायच्या आधी फुकर तेवढी मारा.”

“अहो, मी डॉक्टर आहे.”

“व्हय. पर चटईवर तुमीच हाय न्हवं?”

ती तशीच उभी राहिली. मुलाच्या छातीतला घुरघुराट आता लांबूनही ऐकू येत होता.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. नको म्हणा, तुम्ही तरी नको म्हणा, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

...

“मार, बेटा,” मौलाशा म्हणाले. “एवढंच इथे मिळतं.”