दिसणारे मंत्री, न दिसणारा पूल

बास्क डोंगरांतल्या उर्सुआगा गावचे बेन्यात ओलासार पाद्री व्हायला निघाले होते. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी पुरा केला, पण झाले मात्र प्राध्यापक, आणि पुढे गावाने त्यांना आमदारही केलं. गावाचं मागणं एकच होतं, नदीवर पूल. पुलाअभावी सफरचंदांच्या गाड्यांना अख्ख्या डोंगराला वळसा पडे.

दर जानेवारीत सफरचंदाच्या नव्या वाइनचं पहिलं पिंप उघडायला राजधानीतून मंत्री येत, पुलाचं आश्वासन देत आणि भरपेट जेवून जात. सातव्या वर्षी बेन्यातांनी भर समारंभात पुलाचा विषय काढला. मंत्र्यांचा पारा चढला.

"प्राध्यापक," पेला उंचावत ते म्हणाले, "जो कधी कुणाला दिसला नाही, त्याचा अभ्यास करण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली. तुम्हाला पुलातलं काय कळणार?"

मंत्र्यांचा लवाजमा खो खो हसला.

"खरं आहे, साहेब," बेन्यात शांतपणे म्हणाले. "देव दिसत नाही, पण त्याचं काम जिकडेतिकडे दिसतं. तुम्ही दरवर्षी दिसता, काम मात्र कुठेच दिसत नाही. हा प्रकार आम्हाला धर्मशास्त्रात शिकवला नव्हता."

आता सगळं गाव हसलं.

वर्ष उलटायच्या आत पूल उभा राहिला. फीत कापून मंत्री ऐटीत वळले. "काय प्राध्यापक, आता काय म्हणणं आहे?"

बेन्यातांनी कठड्यावरून समाधानाने हात फिरवला.

"आता काम दिसतंय, साहेब. यापुढे तुम्ही नाही दिसलात तरी चालेल."