मुक्या शुक्रवाराची कहाणी

ऐक जिवती माउली, तुझी कहाणी. बायांनो, अक्षता हातात घ्या. मूठ घट्ट धरा, एक दाणा सांडू देऊ नका. आणि लेकरं मांडीवर घ्या. खेळू देत अंगणात, म्हणता? नको. आज मांडीवरच घ्या. का, ते ऐकाल तेव्हा कळेल.

आटपाट म्हणतात तसलंच एक नगर होतं. नगरात कोष्ट्यांची आळी होती. आळीत भिवरा नावाची सून नांदत होती. घरात सासू होती, मागावर बसणारा नवरा होता, आणि दीड वर्षाचा लेक होता. आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुपात घालून केरावर ठेवला, मग उचलून घरात आणला, नाव ठेवलं केरबा. नेणाराला वाटावं केरच आहे, कशाला उचला? भिवराला पान्हा फुटला नाही, तर दारच्या शेळीच्या दुधावर पोर वाढवलं. भिवरा त्याला डोळ्यांआड करीना. झोपला तर नाकाशी बोट धरून बघायची.

मग श्रावण आला. शुक्रवार आला. सासूनं भिंतीवर गंधानं जिवती काढली. अंगाखांद्यावर लेकरं, पायाशी लेकरं. सुनेला म्हणाली, "आज दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मग पुरणाचे दिवे करून केरबाला ओवाळायचं. मग तू अन् मी मुकं जेवायचं. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आकाश कोसळलं तरी काढायचा नाही."

भिवरा म्हणाली, "नाही काढणार, आत्याबाई."

सासू म्हणाली, "मागं काढला होतास. जेवता जेवता मीठ मागितलंस. आठव्या दिवशी लेकरू गेलं. ते विसरू नकोस."

विसरते कशी? चार वर्षं झाली होती. सासू दर सणाला आठवण द्यायची. चार वर्षांत भिवरानं मिठाच्या मडक्याला हात लावताना डोळे मिटले होते. बाई, कुणाच्या मनात असलं काही घालू नये. पण घातलं होतं खरं.

मग पहिल्या शुक्रवारी काय झालं? दोघी पानावर बसल्या. पहिला घास घेतला. दारात ऊन होतं. उन्हात एक बाई येऊन उभी राहिली. खांद्याला रिकामी झोळी. आळीत घोटाभर चिखल, पण तिचे पाय कोरडे. आवाज असा गोड, की पाळण्यातलं पोर झोपावं. म्हणाली, "बाई, तुझी दुभती शेळी नेऊ का? नको असेल तर नको म्हण."

भिवराच्या हातातला घास थांबला. तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं ओठांवर बोट ठेवलं. भिवरा गप्प राहिली.

"गप्प म्हणजे ने," असं ती बाई म्हणाली आणि निघून गेली. दोघींनी हात धुतले, गोठ्याकडे धावल्या. दावं होतं, शेळी नव्हती. दाव्याची गाठ जशीच्या तशी.

भिवरा रडायला लागली. सासू म्हणाली, "रडतेस कशाला? जिवतीच होती ती. परीक्षा पाहून गेली. एक नेलं, दुप्पट देईल." मग केरबा पेजेवर राहिला. दूध मागायचा, पेज मिळायची. पोराची मनगटं बारीक झाली.

मग दुसरा शुक्रवार आला. तसाच उपास, तसेच दिवे, तसंच मुकं जेवण. परसात नवऱ्याचा माग खटखट वाजत होता. दारात ऊन होतं. उन्हात तीच बाई. झोळी आता रिकामी नव्हती, खाली काहीतरी लोंबत होतं. म्हणाली, "बाई, परसात जो विणतोय, त्याच्या उजव्या हाताचं बळ नेऊ का? नको असेल तर नको म्हण."

आता हो? भिवरानं सासूकडे पाहिलं. सासूचा तर पोटचा लेक! सासूचं तोंड पांढरं पडलं. हाताच्या मुठीत पत्रावळ चुरगळली. पण बोलली नाही. सून बोलली नाही. आणि परसातला माग थांबला.

धावल्या. बघतात तर नवरा मागावर बसलेला, धोटा खाली पडलेला, आणि उजवा हात ओल्या कापडासारखा लोंबतोय. म्हणाला, "आई, मला माझा हात जाणवत नाही गं."

त्या दिवशी सासू "परीक्षा" म्हणाली खरी, पण आवाज बसका होता. भिवरा म्हणाली, "आत्याबाई, येत्या शुक्रवारी ती काय मागणार, हे तुम्हांलाही ठाऊक आहे अन् मलाही. मी उपास धरत नाही."

सासू म्हणाली, "धरला नाहीस तर जिवतीच नेईल."

"मग दार लावून जेवू."

"त्या दिवशी सवाष्णीला दार बंद करायचं नसतं."

"मग मी करू तरी काय?"

 सासू नुसती म्हणाली, "बोलू नकोस. एवढंच कर. माझ्या सासूनं मला हेच सांगितलं, मी तुला हेच सांगते." असं म्हणून पदर तोंडात धरून रडली. दुष्ट नव्हती हो ती. घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाच्या हातात नेम सापडला की तो असा गळ्याशी येतो.

मग तिसरा शुक्रवार आला. नवरा हात दाखवायला पलीकडच्या गावी वैद्याकडे गेला होता. घरात दोघी आणि पोर. भिवरानं केरबाला ओवाळलं, तर एक दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा राहिला. मग केरबाला पाटाशी बसवला, हातात खेळायला लाकडी बुडकुलं दिलं. दोघी पानावर बसल्या. भिवरानं घास घेतला तो गिळवेना.

दारात ऊन आलं. उन्हात ती आली.

या वेळी घाई केली नाही तिनं. उंबऱ्याशी बसली, झोळी पुढ्यात पसरली, मऊसूत थोपटली. म्हणाली, "केरबा म्हणतात ना याला? छान आहे. बाई, नेऊ का? नको असेल तर नको म्हण."

केरबानं बुडकुलं टाकलं. त्या गोड आवाजाला हसला. उठला, पडला, आणि रांगत निघाला दाराकडे.

भिवरा उठायला गेली, तो उठता येईना. सासूनं तिचं मनगट धरलं होतं आणि मान हलवत होती. नको, नको, बोलू नको. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मान हलत होती. बोललं तर जिवती नेणार. गप्प बसलं तर ही नेणार. केरबा उंबऱ्याशी पोचला. त्यानं झोळीचा काठ धरला. ती बाई म्हणाली, "गप्प म्हणजे..."

भिवरानं घास थुंकला. तोंड उघडलं, पण आवाज निघेना.  मग खरखरीत, कुजबुजल्यासारखं म्हणाली, "नाही देत."

त्या बाईचा उंबऱ्यावर आलेला पाय मागं गेला. म्हणाली, "उपास मोडलास. मीठ मागितलंस तेव्हाचं आठव."

भिवरा म्हणाली, "आठवतं. नाही देत."

त्या बाईच्या हातून झोळीचं टोक सुटलं. म्हणाली, "शेळी दिलीस, नवऱ्याचा हात दिलास. हा तर केरावरचा."

मग भिवरा ओरडली, सगळ्या आळीला ऐकू गेलं. "माझा आहे! नाही देत! शेळीही दिली नव्हती, हातही दिला नव्हता. मी गप्प होते, एवढंच! जा!"

ती बाई उठली. आवाजातला गोडवा गेला होता. "बरं. मी जाते. पण जिच्यासाठी गप्प बसत होतीस, ती आता बघून घेईल." असं म्हणाली, आणि उन्हात दिसेनाशी झाली.

भिवरानं केरबाला छातीशी कवटाळलं. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं. ते उठेना. हलवलं, उठेना. पाणी शिंपडलं, उठेना. सासूनं कपाळ बडवून घेतलं. "घालवलंस गं! पुन्हा घालवलंस!" भिवरा त्याच्या नाकाशी बोट धरून बसली. श्वास यायचा. मग नुसताच भास व्हायचा. मग पुन्हा यायचा. अशी दुपार सरली, असा तिसरा प्रहर सरला. तिच्या मनात एकच, की मीच केलं, मीच केलं.

दिवेलागणीला दारात पावलं वाजली. एक सवाष्ण आली. कडेवर एक पोर, पाठीशी एक, पदराला धरून चार. पाय चिखलानं बरबटलेले. म्हणाली, "पाय धुवायला पाणी द्या. दिवसभर फिरतेय."

सासूनं भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरी! सासूनं लोटांगण घातलं. "माउली, चुकली माझी सून. जेवताना बोलली. तिला शासन कर, लेकराला करू नको."

जिवती म्हणाली, "मुकं जेवा, हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूनं."

"तिला कुणी सांगितलं?"

"तिच्या सासूनं."

"आणि तिला?"

सासू कोऱ्या भिंतीकडे बघू लागली.

जिवती म्हणाली, "तिला मी सांगितलं. जेवताना वटवट करू नका, पोर रडलेलं ऐकू येत नाही, असं सांगितलं. ऐकू यावं म्हणून गप्प बसा म्हटलं. तुम्ही गप्प बसणं तेवढं ठेवलंत, आणि ऐकणं टाकलंत. ती झोळीवाली मी नव्हतेच."

भिवरा इतका वेळ पोर घेऊन भिंतीशी होती. ती उठली. पाया पडली नाही. म्हणाली, "मग माझं दुसरं लेकरू? ते मीठ मागितलं म्हणून गेलं ना? सांग. चार वर्षं झोपले नाही मी."

जिवतीनं कडेवरचं पोर सावरलं. म्हणाली, "बाई, ते तापानं गेलं. मीही उशाशी होते, मलाही राखता आलं नाही. मीठ मागितल्यानं कुणाचं लेकरू जात नसतं."

भिवरा मटकन खाली बसली आणि अशी रडली, अशी रडली, की तिच्या हुंदक्यांनी केरबा जागा झाला आणि तोही रडायला लागला. रडलेलं ऐकू आलं! सासू धावली, त्याला घेतला, मग सुनेपुढे बसली. म्हणाली, "मी तुला काय काय बोलले गं. चार वर्षं बोलले." भिवरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "त्याला भूक लागलीय. पेज आणा, आत्याबाई. मीठ घालून आणा."

मग नवरा परतला. हाताची तीन बोटं हलायला लागली होती, दोन नाही ती नाहीच. शेळीही आली नाही. गप्प राहून गेलेलं सगळंच कसं परत येईल? पण केरबा राहिला. त्याच्या पाठीवर बहीण झाली. तीही राहिली. आणि त्या घरात श्रावणाचा शुक्रवार भिवरा पाळत राहिली. उपास करायची, ओवाळायची, कान दाराकडे ठेवून जेवायची. घेतलेला वसा तिनं सोडला नाही, पण वशाला घाबरलीही नाही.

आता बायांनो, अक्षता वाहायच्या आधी एक करायचं. लेकरू जवळ धरा आणि दाराकडे तोंड करून तीनदा म्हणा, "नाही देत." पुटपुटू नका, मोठ्यानं म्हणा. पुन्हा म्हणा. कोपऱ्यातली ती नवी सून का गप्प? सासू शेजारी आहे म्हणून? अगं, सासूबाई, तुम्ही तिच्याबरोबर म्हणा. हां. आता म्हणाली. आता टाका अक्षता.

जिवती माउली जशी भिवराच्या दारी आली, तशी तुमच्याआमच्या दारी येवो, चिखलाच्या पायांनी येवो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ती ऐकणाऱ्यांना आणि बोलणाऱ्यांना सुफळ होवो, संपूर्ण होवो.