दांडीची पहिली बैठक

झाडं तोडल्यावरही बोलत असत, त्या काळची गोष्ट. मिरजेतल्या एका नव्या सतारीची आज पहिली बैठक होती. तिच्या लाकडी दांडीला कधी एकदा संध्याकाळ होते असं झालं होतं.

तिला पुसणारं जुनं फडकं म्हणालं, "पोरी, थेंबभर तेल पुरे. मग कोरडं पुसून घेऊ."

"आजच्या दिवशी थेंबभर? मला चमकायचंय, आजोबा," म्हणत दांडीने अख्खी वाटी अंगावर ओतून घेतली.

बैठकीत लोक तिच्याकडे बघतच राहिले. पण वादकाने तार ओढली आणि तेलाने भिजलेल्या दोऱ्यांनी दांडीवर बांधलेले, सूर ठरवणारे पितळी पडदे सरकले. सूर पार घसरला.

फडक्याने सगळं तेल टिपलं. वादकाने नवे दोरे बांधले. मग सूर असा लागला, की दांडी आनंदाने थरथरली.

तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.