वत्सलाबाईंच्या लाल टिकल्या

एका शहरात चित्रप्रदर्शनांची एक नावाजलेली जागा होती. तिथली रीत अशी, की चित्र विकले गेले की खालच्या नावाच्या पाटीवर लाल टिकली चिकटवायची. मग इतरांनी ते नुसते बघायचे आणि पुढे सरकायचे.

तिथे वत्सलाबाई तांबटांनी आपले पहिले प्रदर्शन मांडले. तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी पंचवीस वर्षे हात तयार केला होता. आठवडाभरात एक तरी चित्र कुणाच्या घरी गेले पाहिजे, नाहीतर चित्रे बंद आणि आपल्या पाट्या बऱ्या, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

चार दिवस लोक आले आणि माना डोलावून गेले. शेजारच्या दालनात मात्र एका तरुण चित्रकाराच्या पाट्यांवर पहिल्याच संध्याकाळी गोवर उठावा तशा टिकल्या उठल्या. वत्सलाबाईंना आपल्या कोऱ्या पाट्यांची लाज वाटू लागली. पाचव्या दिवशी त्यांनी पर्समधून कपाळाला लावायच्या टिकल्यांचे पाकीट काढले आणि आठही चित्रांना एकेक टिकली लावून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

उपाय लागू पडला. शेजारचा चित्रकार येऊन अभिनंदन करून गेला. बाईंची मान ताठ झाली. अक्कल मात्र रजेवर गेली होती.

दुपारी एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. भर उन्हातल्या ओसाड बसस्थानकाच्या चित्रापुढे ते अर्धा तास उभे राहिले. मग टिकलीकडे बघून म्हणाले, "हे गेलेलं दिसतंय."

बाई सवयीने "हो" म्हणून बसल्या.

"चांगलं झालं. तीस वर्षं असल्याच स्टँडवर डबा खाल्ला मी. घरी लावलं असतं," असे म्हणून ते जिना उतरू लागले.

बाईंपुढे पेच पडला. खरे सांगावे तर चारचौघांत फजिती, गप्प बसावे तर पंचवीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो माणूस निघाला. शेवटी त्यांना फजिती परवडली. त्या जिन्यात धावल्या आणि तिथे उभ्या असलेल्या शेजारच्या चित्रकारादेखत म्हणाल्या, "दादा, थांबा. माझं एकही चित्र गेलेलं नाही. त्या टिकल्या मीच लावल्यात."

कंडक्टर जिन्यातच मागे वळले. मग हसून म्हणाले, "बाई, रिकाम्या गाडीला 'फुल्ल'ची पाटी लावली, तर स्टँडवरचा माणूस चढणार कसा?" आणि ते जिना चढून परत आले.

वत्सलाबाईंचा जीव भांड्यात पडला. फजितीची जेवढी भीती होती तेवढे काही झाले नाही. शेजारचा चित्रकार तर टिकल्या काढायला मदतीला आला, आणि नंतर आपल्या दालनातल्याही दोन त्याने गुपचूप खरवडल्या. आठवड्यात बाईंचे ते एकच चित्र गेले. पण घरी पोचताच त्यांनी नवा कॅनव्हास ताणला.

तात्पर्य: खोट्या मोठेपणाला शेजारी भुलतात, पण दारी आलेले खरे भाग्य त्यापायी आल्या पावली परत फिरते.