करकोच्याची मोजणी

फार पूर्वी प्राण्यांच्या एका नगरात विटांच्या भट्ट्यांना जागा अपुरी पडू लागली. हद्द वाढवायचं ठरलं. उत्तरेचा माळ पाहायला मुखिया रानडुकराने करकोच्याला पाठवलं, कारण त्याची पावलं लांब आणि सारखी होती.

करकोच्याने मान ताठ ठेवून सातशे पावलांत माळ मोजला आणि सांगितलं, "सगळा मोकळा आहे."

दुसऱ्या दिवशी तो हद्दीचे दगड ठेवायला गेला, तेव्हा एक टिटवी आडवी आली. "पुढचं पाऊल जरा बघून टाका," ती म्हणाली. त्याने वाकून पाहिलं. खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती.

मग तो खाली बघत चालला. चंडोलाची घरटी लागली, सशाची पिल्लं लागली, साळिंदराचं बीळ लागलं. संध्याकाळपर्यंत अर्धा माळही झाला नाही. दगड तसेच घेऊन तो परतला.

"काल तर मोकळा म्हणाला होतास," मुखिया म्हणाला.

"काल मी पावलं मोजत होतो. आज पाऊल ठेवायला जागा शोधत होतो."

मुखियाने त्याच्याकडून दगड उतरवून घेतले. मग त्याने जुन्या खाणीकडची जागा पाहायला सांगितली, आणि तिथे कोण राहतं ते आधी विचारून यायला सांगितलं.